पुढचा चालवतो, मागचा थांबवतो : बोरघाट आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचा ब्रेक



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला न्याय-वैशेषिक शिकवलंत, आता गॅरेज उघडणार का?" मी म्हटलं, गॅरेज नाही उघडत, पण ज्या गावात मी वाढलो त्या कर्जतनं मला ब्रेक आधी शिकवला आणि वैशेषिक नंतर. आज त्या दोन्हींचा हिशेब एकत्र मांडायचा आहे.

सुरुवात मात्र कर्जतपासून फार लांब करतो. काही वर्षांपूर्वी मी भाच्याकडे अमेरिकेत गेलो होतो. एका शनिवार-रविवारी तो आम्हाला रानात मुक्कामाला घेऊन गेला. तिथं आमच्या शेजारच्या जागेवर एक निवृत्त जोडपं उतरलं होतं. त्यांचं मोटरहोम, म्हणजे चालतं घरच, आपल्या एसटीएवढं लांब. स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली, सगळं आत. आणि त्या घराच्या मागे लोखंडी दांड्यानं जोडलेली एक लहान मोटारगाडी, स्वतःच्या चारही चाकांवर ओढत आणलेली. घर एका जागी उभं करायचं आणि दूध-भाजी आणायला ही छोटी गाडी सोडवून घ्यायची, अशी त्यांची पद्धत. तिकडे ती सर्रास आहे.

मी त्या लहान गाडीत डोकावलो. आत कोणी नाही. पण चालकाच्या पायाशी सुटकेसएवढी एक पेटी ठेवलेली, आणि तिचा एक हात ब्रेकच्या पेडलला चिमट्यानं घट्ट धरलेला. मी विचारलं, हे काय? त्या गृहस्थांनी हौसेनं दाखवलं. पुढच्या घराचा वेग कमी झाला की पेटीला ते कळतं, ती हात पुढे ढकलते आणि रिकाम्या गाडीचा ब्रेक दाबला जातो. पुढे हलका ब्रेक तर मागे हलका, पुढे करकचून तर मागेही करकचून. गाडीच्या नाकाशी एक छोटा स्विच, त्यात एक खिळ, खिळीला तार, आणि तारेचं दुसरं टोक मोटरहोमला बांधलेलं. उद्या जोडणीचा दांडा तुटलाच तर तार ताणली जाते, खिळ उपसते आणि पेटी आपणहून पूर्ण ब्रेक लावते.

मी त्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिलो. भाच्याला वाटलं मामांना यंत्राचं नवल वाटतंय. मला नवल वाटत नव्हतं. मला वडील आठवत होते.

माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. मुक्काम कर्जत. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, इंजिनापासून सगळ्यात लांब बसणारा माणूस. लहानपणी मला त्याची थोडी लाजच वाटायची. मित्रांचे वडील ड्रायव्हर, फायरमन. माझे मागे बसून झेंडी दाखवणारे. एकदा मी तसं बोलूनही गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, पुढचा चालवतो, मागचा थांबवतो." या वाक्याचा अर्थ कळायला मला अर्धं आयुष्य लागलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाक्यावरचं भाष्य आहे असं समजा.

आता आधी एक साधी गोष्ट पक्की करू. ओढणं आणि थांबवणं ही दोन कामं वेगळी आहेत. सपाटीवर किंवा चढावर पुढची गाडी मागचीला ओढते, दोघींमधला दांडा ताणलेला असतो. ब्रेक लावला, किंवा उतार लागला, की नातं उलटतं. मागची गाडी पुढचीला ढकलू लागते. आपल्याकडे बैलगाडी हाकलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येते, जू मानेवरून पुढे सरकतं, आणि बैलांनी ते पायांवर तोलायचं. म्हणून घाट उतरताना गाडीच्या मागे ओंडका बांधून तो फरफटत न्यायचा, किंवा दोन माणसांनी मागून दोर ओढून धरायचा. म्हणजे काय केलं त्या लोकांनी? ओढल्या जाणाऱ्या वस्तूला तिचा स्वतःचा ब्रेक दिला. बैल कितीही दणकट असले तरी ते केलंच.

एक म्हण आहे आपल्यात, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. सुटी माणसं एकामागून एक चालत असतील तर ती खरी. पण एकमेकांना बांधलेल्या गाड्यांमध्ये ती खोटी ठरते. तिथं पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होत नाही, तो पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो. त्याला शहाणं करायचं असेल तर त्याच्याकडे स्वतःचा ब्रेक हवा.

किती जोरानं आदळतो, याचाही अंदाज घेऊ. कर्जतहून लोणावळ्याकडे बोरघाटाचा रेल्वेचढ बांधला तेव्हा त्याची उंची मोजली १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर. समजा दीड टनाची मोटारगाडी एवढी उंची उतरली आणि तिला आवरायचं सगळं काम ब्रेकनंच केलं. त्या ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होईल तिच्यात पंचवीस लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. एक मोठा हंडा भरून. ही झाली एकटी छोटी गाडी. आता तिला स्वतःचा ब्रेक दिला नाही, तर तो हंडा कोणाच्या चुलीवर चढतो? ओढणाऱ्याच्या. मोटरहोमचे ब्रेक कारखान्यात बसवताना मोटरहोमच्या वजनासाठी बसवलेले असतात, त्याच्या शेपटीला बांधलेल्या दुसऱ्या गाडीसाठी नाही. आणि तापलेला ब्रेक हळूहळू धरेनासा होतो. पायाखाली पेडल असतं, पण त्यात दम नसतो. घाटात ट्रक चालवणारे सांगतील, तो क्षण कसा असतो.

आता इतिहासाकडे वळू, आणि तो आपल्या दारातलाच आहे.

बोरघाटातून चाकांच्या गाड्यांना नीट जाता येईल असा रस्ता १८३० साली झाला. त्याआधी लमाणांचे बैलांचे तांडे, पालख्या, पायी माणसं, असा सगळा कारभार. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात कॅप्टन ह्यूज यांनी तो रस्ता बांधला. जानेवारीत काम सुरू आणि नोव्हेंबरात रस्ता खुला. त्याच कामातला पूल म्हणजे आपला अमृतांजन पूल, जो २०२० सालच्या एप्रिलमध्ये पाडला. रस्ता झाला आणि चाकं आली, आणि चाकं आली म्हणजे उतारावर चाकं रोखायचा प्रश्न आला.

मग आली आगगाडी. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. घाटावर खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच. पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीनं, घोड्यावर नाहीतर पायी घाट चढायचे आणि वर दुसरी गाडी पकडायचे. पलसदरीहून खोपोलीला जाणारी आपली लोकल आज ज्या फाट्यावरून धावते, तो एके काळचा मुख्य मार्ग होता, हे इथल्या नव्या पिढीला सांगितलं तर खरं वाटत नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या हस्ते बोरघाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला. पावणेसोळा मैलांहून थोडा जास्त लांबीचा चढ, पंचवीस बोगदे, आणि सर्वात तीव्र उतार ३७ फुटांना एक फूट. रस्त्याच्या हिशेबानं हा उतार काहीच नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, तिथं तो भयंकर आहे. शिवाय डोंगराच्या एका कड्यावर जागाच नव्हती, म्हणून तिथं उलट फिरायचं स्थानक केलं. गाडी त्या स्थानकात शिरायची, थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग गाडी आली त्याच्या उलट दिशेनं पुढे निघायची. इंग्रजी झेड अक्षरासारखा रस्ता. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खंडाळ्याकडून उतरणारी प्रत्येक गाडी अशा ठिकाणी येत होती जिथं रूळ संपतात आणि पुढे दरी आहे. तिथं ब्रेक ही सोय नव्हती, तो जीव होता.

आणि त्या काळचे ब्रेक कसे? इंजिनाला एक, आणि काही ठराविक डब्यांत हातानं फिरवायची चाकं. ड्रायव्हरनं शिट्टी मारायची, मागच्या ब्रेकवाल्यांनी ती ऐकायची आणि चाकं आवळायची. मधल्या डब्यांना काहीच नाही. ते नुसते ओढले जाणारे, म्हणजेच उतारावर नुसते ढकलणारे. १८६९ सालच्या जानेवारीत व्हायचं ते झालं. वरून उतरणारी मेल गाडी आवरली नाही आणि उलट स्थानकात न थांबता टोकाचे अडसर मोडून पलीकडे गेली. त्या अपघाताची त्या काळात काढलेली छायाचित्रं आहेत. कड्याखाली पडलेलं लोखंड बघितलं की आजही पोटात गोळा येतो.

योगायोग बघा. त्याच १८६९ साली, एप्रिल महिन्यात, अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाला हवेच्या ब्रेकचं पेटंट मिळालं. कल्पना अशी, की इंजिनात हवा दाबून भरायची आणि नळीतून ती प्रत्येक डब्याच्या ब्रेकला पोचवायची. ड्रायव्हरनं एक दांडा फिरवला की सगळी गाडी एकदम थांबू लागते. मोठी प्रगती. पण त्यात एक खोट होती, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. नळी फुटली तर? गाडी मध्येच तुटली तर? हवा निघून जाणार आणि ब्रेक लागणारच नाही. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, त्याच क्षणी तो नाहीसा.

तीन वर्षांनी, १८७२ मध्ये, वेस्टिंगहाऊस यांनी हे सगळं उलटं केलं. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी ठेवली आणि अशी झडप बसवली की नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला राहील आणि नळीतला दाब गेला की ब्रेक लागेल. ड्रायव्हरनं दाब कमी केला तरी लागेल, नळी फुटली तरी लागेल, गाडी तुटली तर दोन्ही तुकड्यांचे लागतील. इंग्लंडात याच तत्त्वाचा दुसरा प्रकार रुळला, निर्वात ब्रेक, ज्याला आपले रेल्वेवाले व्हॅक्यूम म्हणतात. तिथं नळीतली हवा काढून घेतलेली असते, आणि बाहेरची हवा आत शिरली की ब्रेक लागतो. आपल्याकडे कित्येक दशकं तोच होता.

इथं मला माझ्या मूळ विषयाचा मोह आवरत नाही, दोन मिनिटं द्या. वैशेषिकांनी जगातल्या सगळ्या गोष्टींची वर्गवारी केली: द्रव्य, गुण, कर्म वगैरे. नंतरच्या आचार्यांनी त्यात सातवा पदार्थ मान्य केला, अभाव. नसणं हाही एक पदार्थ. विद्यार्थी वर्गात हसायचे. सर, जे नाही ते 'आहे' कसं? घटाचा अभाव म्हणजे काय वस्तू आहे का? मी त्यांना भूतलावर घट नाही वगैरे पाठातली उदाहरणं द्यायचो आणि ती पोचायची नाहीत. खरं उदाहरण माझ्या घरात होतं. असलेला दाब नाहीसा होणं याला शास्त्रात नाव आहे, प्रध्वंसाभाव. आणि तो अभाव हजार टनांची गाडी थांबवतो. आदेश पोचला तर थांबेल, ही जुनी रचना. आदेश पोचायचा बंद झाला तर थांबेल, ही नवी. सुरक्षिततेच्या इतिहासात याहून मोठं वळण मला तरी दिसलेलं नाही.

हे वळण जगाला पटायला मात्र माणसं मरावी लागली. १२ जून १८८९, आयर्लंडमधलं आर्मा गाव. रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहल निघाली होती. चढावर इंजिनाला गाडी ओढवेना. कर्मचाऱ्यांनी ठरवलं, गाडीचे दोन तुकडे करू, पुढचा आधी वर नेऊ. गाडीला नळीचा ब्रेक होता, पण जुन्या पद्धतीचा. जोडणी सोडली की मागच्या डब्यांवर त्याचा अंमल संपला. उरला शेवटच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकाखाली लावलेले दगड. पुढचा तुकडा निघताना किंचित मागे सरकला, धक्का बसला, दगड फुटले आणि मागचे डबे उतारावरून सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ऐंशी जीव गेले, त्यात कित्येक मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला, की प्रवासी गाडीचा प्रत्येक डबा ब्रेकनं जोडलेला हवा आणि गाडी तुटली तर तो आपोआप लागायला हवा.

आता मला सांगा, अमेरिकेत त्या छोट्या गाडीच्या नाकाशी असलेली खिळ आणि तार म्हणजे काय? आर्माचा कायदाच तो, बोटाएवढा करून बसवलेला. खिळ जागेवर आहे तोवर शांतता. खिळ नाही, की ब्रेक.

परत कर्जतला येऊ. तुमच्यापैकी बहुतेकांना कर्जत ठाऊक आहे ते वड्यासाठी. पण गाडी इथं थांबायची ती वड्यासाठी नव्हे, मागे इंजिन लावायला. घाट चढताना मागून रेटणारी ही इंजिनं, आम्ही त्यांना बँकर म्हणायचो. लोकांना वाटतं ती फक्त जोर द्यायला आहेत. त्यांचं दुसरं काम बोललं जात नाही. चढावर कुठं जोडणी तुटलीच, तर सुटलेले डबे मागे घरंगळायला जागाच नसते. तिथं इंजिन उभं असतं. आणि उतरताना? घाटात मंकी हिल, ठाकूरवाडी अशी ठिकाणं आहेत. तिथं उतरणारी गाडी थांबवून ब्रेकची खात्री करून घेतात. मुख्य मार्गाला लागून चढावर जाणारे आडरूळ आहेत. गाडी आवरली नाही तर तिला त्या आडरुळावर घ्यायचं, म्हणजे चढावर तिचा जोर जिरतो. १८६९ साली दरी होती तिथं पुढच्या पिढ्यांनी चढ ठेवला.

१९२९ साली नवा मार्ग होऊन उलट स्थानक बाजूला पडलं आणि त्याच वर्षी कल्याण-पुणे मार्गावर वीज आली. घाटातल्या मालगाड्यांसाठी जी लांब नाकाची विजेची इंजिनं आली त्यांना इथली माणसं खेकडा म्हणायची. त्यांची एक करामत अशी, की उतरताना त्यांच्या मोटारी उलट काम करायच्या आणि वीज तारेत परत द्यायच्या. चारशे टनांची गाडी घाट उतरते तेव्हा जी ऊर्जा आवरावी लागते ती हिशेबानं सुमारे सहाशे युनिट भरते, एका साध्या घराची चार-पाच महिन्यांची वीज. ती सगळी ब्रेकच्या ठोकळ्यांत जाळण्याऐवजी तिच्यातली काही चढणाऱ्या गाडीच्या कामी यायची. उतरणारा चढणाऱ्याला हात देतो, असं वडील म्हणायचे.

वडिलांचं काम काय होतं, हेही सांगतो. गाडी निघण्याआधी ड्रायव्हर पुढून व्हॅक्यूम सोडायचा आणि शेवटच्या डब्यातल्या घड्याळासारख्या तबकडीवर काटा पडतो की नाही हे गार्डनं बघायचं. काटा पडला याचा अर्थ पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत नळी अखंड आहे. नाही पडला, तर मध्ये कुठंतरी गाठ आहे, आणि गाठीच्या मागचे डबे अनाथ आहेत. हा शब्द त्यांचाच. ब्रेक न पोचलेल्या डब्याला ते अनाथ डबा म्हणायचे. शिवाय त्यांच्या डब्यात हातब्रेकचं लोखंडी चाक होतं, सगळं फसलं तर वापरायचं. जुलैच्या पावसात घाट उतरून आले की त्यांच्या तळहातांना गंजाचा वास यायचा.

याच तालुक्यात आणखी एक गाडी आहे जिनं जुनी पद्धत सगळ्यात जास्त काळ जपली. नेरळ-माथेरान, १९०७ साली सुरू झालेली, दोन फुटी रूळ, वीस फुटांना एक फूट चढ. तिच्या डब्यांवर ब्रेक पोर्टर बसायचे. इंजिनाची शिट्टी ऐकायची आणि आपापल्या डब्याचा ब्रेक हातानं आवळायचा किंवा सैल करायचा. म्हणजे एकोणिसाव्या शतकातली रीत आम्ही एकविसाव्यात डोळ्यांनी बघितली. २०१६ सालच्या मे महिन्यात डबे घसरायच्या घटना झाल्या, गाडी बंद राहिली आणि त्यानंतर हवेचे ब्रेक आले. माणसाच्या हातातून काम नळीकडे गेलं. मोठ्या रेल्वेतही तेच. गार्ड हा शब्दसुद्धा २०२२ सालच्या जानेवारीत गेला, आता ते ट्रेन मॅनेजर. मला त्याचं दुःख नाही. ओंडका गेला, माणूस आला. माणूस गेला, नळी आली. तिकडे नळीच्या जागी पेटी आली. मागे बसून थांबवायचं काम मात्र कायम राहिलं. फक्त ते करणारा बदलला.

पण रस्त्यावर तसं झालंय का? आता मी जे बोलणार आहे त्यासाठीच खरं तर हा विषय घेतला.

द्रुतगती मार्ग २००२ साली झाला. खालापूरच्या नाक्यावर उभे राहा, दर मिनिटाला कंटेनरचे लांब ट्रेलर जातात. त्यांच्या मागच्या भागाला हवेच्या दोन नळ्या असतात, आणि मुख्य नळी तुटली तर मागचे ब्रेक आपोआप लागावेत अशी रचना असते. म्हणजे वेस्टिंगहाऊसचा धडा तिथं पोचलाय, कागदावर तरी. देखभाल नाही केली, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की तो धडा वाया. जुलै २०२५ मध्ये खोपोलीजवळच्या उतारावर एका कंटेनर ट्रेलरचा ब्रेक निकामी झाला आणि त्यानं पुढच्या अनेक गाड्या चिरडल्या, हे तुम्ही वाचलं असेल.

आणि घाट सोडून आत वळलात, वाडी-वस्तीच्या रस्त्याला, की काय दिसतं? ट्रॅक्टर आणि ट्रॉली. विटा, भाताच्या गोणी, रेती, लग्नाचं वऱ्हाड, गणपती, सगळं त्या ट्रॉलीतून. मोटार वाहन कायद्याच्या भाषेत तोही ट्रेलरच, मोटारीनं ओढलं जाणारं वाहन. वाकून बघा एकदा. कित्येक ट्रॉल्यांना ब्रेक नावाची वस्तूच नसते. जोडणी म्हणजे एक पिन. पिनेला कधी अडकवण असते, कधी तारेचा तुकडा. साखळी क्वचित. रिकामी असताना चालून जातं. तीन टन विटा भरल्या आणि पावसात उतार लागला, की सगळं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतं. ट्रॅक्टर आडवा होतो, किंवा पिन उडते आणि ट्रॉली आपल्या वाटेनं जाते. मग तिला पार्लमेंट नाही, नळी नाही, गार्ड नाही. अनाथ डबा.

आमची थोडी भातशेती आहे, ती एक तरुण करायचा. गुणी मुलगा. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दुसऱ्याच्या ट्रॉलीवर बसून घरी निघाला होता. उतारावर पिन निसटली. ट्रॉली मागे घरंगळली आणि बांधावर उलटली. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो मला म्हणाला, "सर, पिन साधी होती हो, पाच रुपयांची." मला काही बोलता आलं नाही. ज्याच्या वडिलांनी आयुष्यभर शेवटच्या डब्यातला काटा बघितला, त्या माणसानं आपल्याच बांधावरून रोज जाणारी ट्रॉली कधी वाकून बघितली नव्हती.

अमेरिकेतल्या त्या जोडप्याची मोटारगाडी रिकामी होती. रिकाम्या गाडीसाठी तिकडे पेटी आहे, खिळ आहे, आणि बऱ्याच राज्यांत ठराविक वजनाच्या वर, अनेक ठिकाणी सुमारे तीन हजार पौंड, ओढल्या जाणाऱ्या वाहनाला ब्रेक हवाच असा कायदा आहे. आपल्या ट्रॉलीत माणसं बसतात. आता तर आपल्या राज्यानंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण केलंय. चालती घरं येतील, मागे ओढायच्या घरगाड्या येतील, हौशी चालक येतील, आणि माथेरान-लोणावळ्याच्या ओढीनं ते याच उतारांवर येतील. येऊ देत. पण गाडी दाखवणाऱ्याला तिच्यातला पलंग किती मोठा हे विचारण्याआधी, मागच्याला ब्रेक कुठला आणि तुटली तर काय होतं, हे दोन प्रश्न विचारा.

कोणी म्हणेल, इतकी वर्षं चाललंय, आमचा ट्रॅक्टर दणकट आहे. बोरघाटाच्या पहिल्या इंजिनांबद्दलही असंच म्हणत असतील. ओढायची ताकद बघून थांबायच्या ताकदीचा अंदाज बांधायचा, ही चूक १८६९ सालची आहे. ती करायला आज कुठलीच सबब उरलेली नाही. ट्रॉलीला ब्रेक बसवता येतो. ढकललं जाण्याच्या जोरावरच आपोआप लागणारे ब्रेक असतात, ज्यांना वीज लागत नाही, पेटी लागत नाही. मागची गाडी पुढचीवर रेलली की जोडणीतला दट्ट्या दाबला जातो आणि तिचाच ब्रेक लागतो. उतारावर अंगावर येणाऱ्या बैलगाडीचा जोर तिच्याच चाकांना रोखायला लावला, असं समजा. ते परवडेपर्यंत निदान पक्की पिन, तिला अडकवण, आणि दोन साखळ्या. आणि भरल्या ट्रॉलीवर माणूस नको.

खंडाळ्याच्या घाटात जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवल्यावर त्यांनीच त्याला मारलं, अशी कथा आहे. ट्रकवाले आजही तिथं नाणं टाकतात, हात जोडतात. मी त्याला अंधश्रद्धा म्हणत नाही. घाट उतरण्याआधी माणूस क्षणभर थांबतो, हेही काही कमी नाही. फक्त थांबलाच आहात तर खाली उतरा, मागे जा, वाका, आणि नळी-पिन हातानं हलवून बघा. नमस्कार नंतर करा.

वडील निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, इतकी वर्षं मागे बसून तुम्हाला पुढचं काहीच दिसलं नाही, वाईट नाही वाटत? ते म्हणाले, "पुढचं ड्रायव्हर बघत होता की. मी बघितलं नाही असा एकही डबा मात्र खाली उतरला नाही."

एवढंच. आता प्रश्न असतील तर विचारा. आणि कोणाच्या दारात ट्रॉली उभी असेल, तर प्रश्न नंतर, आधी घरी जाऊन पिन बघा.